बुद्धिबळाचे नियम बदलावेत का? वाद घालण्याआधी घरीच खेळून कसं बघायचं

मला बुद्धिबळ आजोबांनी शिकवलं, मिरजेजवळच्या आमच्या गावी, ओसरीवर बसून, जुन्या लाकडी सोंगट्यांचा सेट होता आणि त्यातला एक हत्ती हरवलेला म्हणून त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ ठेवायचो. आजोबांचे नियम देशी. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर पुढे जाणार. कॅसलिंग, म्हणजे एकाच चालीत राजा कोपऱ्याकडे आणि हत्ती त्याच्या पलीकडे नेणं, ते नाही, त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची, तीही तोपर्यंत त्याला शह बसला नसेल तरच. आणि प्यादं शेवटपर्यंत पोचलं की ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीतला मोहरा मिळायचा, घोड्याच्या पट्टीत गेलं तर घोडा, हत्तीच्या पट्टीत गेलं तर हत्ती, वजीर हवा असेल तर प्यादं वजिराच्याच पट्टीतून न्यायचं.

सहावीत असताना शाळेकडून एका स्पर्धेला गेले, डाव चांगला चालला होता, अडचणीत आल्यावर मी राजा उडवला आणि पंचांनी तो परत जागेवर ठेवायला लावला, वर राजाला हात लावलाय म्हणून राजाचीच चाल करावी लागली आणि डाव तिथेच गेला. रडत घरी आले आणि आजोबांना विचारलं की मग खरा नियम कुठला. ते म्हणाले, ज्याच्याशी खेळतेस त्याच्याशी आधी ठरवून घेतलेला.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी मुलं आणि त्यांचे आईबाबा बुद्धिबळ खेळायला जमतात आणि गेले काही महिने तिथे एकच वाद चालू आहे. एक गट म्हणतो ड्रॉ फार होतात, मुलं यूट्यूब बघून ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, पाठ करून येतात, नियम बदलायलाच पाहिजेत. दुसरा गट म्हणतो दीड हजार वर्षांचा खेळ आहे, हात लावायचा नाही. दोन्ही गटांतल्या बहुतेकांनी बदललेल्या नियमांनी एकही डाव खेळलेला नव्हता. मग आम्ही खेळून बघायला सुरुवात केली, आणि ते कसं करायचं तेच इथे लिहितेय. दोन माणसं, एक पट आणि सापशिडीतला एक फासा एवढ्यावर भागतं.

आधी हात न लावण्याबद्दल. खेळ जुना आहे हे खरं, पण आज आपण खेळतो तो तसाच्या तसा दीड हजार वर्षं जुना नाही. जुन्या खेळात वजीर तिरका फक्त एक घर जायचा आणि उंट तिरका दोन घरं उडी मारायचा, बस. वजिराला आणि उंटाला आजची लांब चाल मिळाली ती साधारण १४७५ नंतर, स्पेनच्या बाजूला, आणि १४९७ मध्ये तिथे छापलेल्या लुसेना या लेखकाच्या बुद्धिबळाच्या पुस्तकात जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नियमांची कोडी आहेत, म्हणजे तेव्हा लोक दोन्ही प्रकारे खेळत होते. स्टेलमेटचं, म्हणजे शह नाही पण करायला चालही नाही त्याचं, तर विचारूच नका, इंग्लंडमध्ये बराच काळ स्टेलमेट करणाराच हरायचा. आपल्या आठवणीतलं सांगायचं तर डाव अर्धवट थांबवून पुढची चाल पाकिटात बंद करून दुसऱ्या दिवशी पुढे खेळायची पद्धत होती, कॉम्प्युटर तगडे झाल्यावर रात्रीत पोझिशन तपासून येणं सोपं झालं आणि नव्वदच्या दशकात ती पद्धत गेली. तिच्यासाठी कुणी हळहळताना मी तरी पाहिलं नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मला हे सगळं खेळल्यावर समजली. नियम सुटे नसतात, एकमेकांना धरून असतात. डाव लवकर सुरू व्हावा म्हणून प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं दिली, तर ते शेजारच्या प्याद्याला चुकवून पळून जायला लागलं, म्हणून एन पासाँ आलं, म्हणजे ते एकच घर गेलंय असं धरून शेजारचं प्यादं लगेच पुढच्या चालीत त्याला मारू शकतं. वजीर लांब पळायला लागला तसा मधे बसलेला राजा धोक्यात आला, आणि मग त्याला एका चालीत कोपऱ्यात नेणारं कॅसलिंग हळूहळू ठरत गेलं. त्यामुळे एक नियम ओढला की त्याच्यामागे काय काय ओढलं जातं ते बघायचं, आणि ते नुसतं बसून विचार केल्यानं दिसत नाही, पटावर दिसतं.

तर सुरुवात अशी करा. तुमची तक्रार काय आहे ती कागदावर एका वाक्यात लिहा. खरंच लिहा, कारण इथेच निम्मा वाद मिटतो. "ड्रॉ फार होतात" ही एक तक्रार, "ओपनिंग पाठ करावं लागतं" ही वेगळी, "डाव फार वेळ चालतो" ही तिसरी, आणि प्रत्येकीचं औषध वेगळं आहे.

ड्रॉची तक्रार करणारे २०१८ ची लंडनची विश्वविजेतेपदाची मॅच काढतात, कार्लसन आणि कारुआना यांच्यातले क्लासिकलचे, म्हणजे लांब वेळेचे, बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले, निकाल रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावांत लागला. बरोबर आहे. पण २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन हे पारंपरिक नियमांनीच खेळत होते, आणि शेवटच्या चौदाव्या डावात, सगळ्यांनी ड्रॉ धरलेल्या साध्या पोझिशनमध्ये डिंगचा हत्ती चुकीच्या घरात गेला आणि गुकेश विश्वविजेता झाला. मी ते लाइव्ह बघत होते, हातातला चहा गार झाला. आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, २०२५ चा महिला वर्ल्ड कप, बाटुमी, फायनल कोनेरू हम्पीशी, क्लासिकलचे दोन्ही डाव ड्रॉ झाले आणि दिव्या जिंकली बरोबरी फोडायच्या रॅपिड डावांत, म्हणजे टायब्रेकमध्ये. म्हणजे मोहऱ्यांच्या चालीला हातसुद्धा न लावता, फक्त घड्याळ बदलून निकाल लागला. तुमची तक्रार नुसती ड्रॉची असेल तर आधी घड्याळ बदलून बघा, १५ मिनिटं अधिक प्रत्येक चालीला १० सेकंद असं लावा, साधं घड्याळ असेल तर प्रत्येकी २५ मिनिटं. आमच्याकडे निम्म्या लोकांचं समाधान तेवढ्यानंच झालं.

तक्रार पाठांतराची असेल तर मात्र घड्याळानं काही होत नाही, उलट वेळ कमी असला की पाठ केलेल्याचा फायदा वाढतो. त्यासाठी चेस९६०, म्हणजे फिशर रँडम, हल्ली फ्रीस्टाइल म्हणतात तेच. बॉबी फिशरनं हे १९९६ मध्ये ब्युनॉस आयर्सला जाहीर केलं. कल्पना साधी आहे, प्यादी नेहमीच्या जागी, मागची ओळ मात्र चिठ्ठी टाकून. फक्त दोन अटी, दोन उंट वेगवेगळ्या रंगाच्या घरात हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मधे कुठेतरी हवा. काळ्याची ओळ पांढऱ्याच्या समोर जशीच्या तशी, हत्तीसमोर हत्ती, राजासमोर राजा.

मांडणी मोबाइलवर मिळते, पण मुलांबरोबर असाल तर फाशानंच करा, ती मजा वेगळी आहे आणि ९६० हा आकडा कुठून आला तेही त्यांना आपोआप कळतं. पांढऱ्याच्या बाजूनं बसा, डावीकडून उजवीकडे मोजायचं, उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी आपल्याकडून १ ते ८. पहिल्या ओळीत काळी घरं चार, ए१, सी१, ई१, जी१. फासा टाका, १ ते ४ मध्ये जे पडेल त्या क्रमांकाच्या काळ्या घरात एक उंट, ५ किंवा ६ पडलं तर परत टाकायचं. मग तसंच पांढऱ्या चार घरांसाठी दुसरा उंट. आता सहा घरं उरली, फासा टाका, जितकं पडेल तितव्या रिकाम्या घरात वजीर. पाच उरली, ६ सोडून जे पडेल तिथे एक घोडा. चार उरली, ५ आणि ६ सोडून जे पडेल तिथे दुसरा घोडा. आता तीनच घरं राहिली, त्यांत फासा नको, हत्ती, राजा, हत्ती. उंटाच्या ४ गुणिले ४ जागा, वजिराच्या ६, दोन घोड्यांच्या जोडीच्या १०, झाले ९६०. आपली नेहमीची मांडणी ही त्यातलीच एक.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते, पट समोर घ्या. पडलं ३, तिसरं काळं घर ई१, उंट तिथे. मग १, पहिलं पांढरं घर बी१, दुसरा उंट तिथे. उरली ए, सी, डी, एफ, जी, एच. पडलं ६, वजीर एच१ ला, पार कोपऱ्यात. पुढे २, घोडा सी१ ला. मग ४, दुसरा घोडा जी१ ला. उरलं ए, डी, एफ, म्हणजे ए१ हत्ती, डी१ राजा, एफ१ हत्ती. डावीकडून ओळ अशी झाली: हत्ती, उंट, घोडा, राजा, उंट, हत्ती, घोडा, वजीर.

आता लगेच चाल करू नका. दोघांनी मिळून दोन मिनिटं नुसतं बघायचं, बोललं तरी चालेल, आणि शोधायचं की कुठल्या प्याद्याला कुणाचाच आधार नाही. वरच्या मांडणीत ते बी२ चं प्यादं आहे. मागचा उंट बी१ ला असूनही तो तिरका बघतो, हत्ती ए१ ला आहे पण तो सरळ बघतो, घोडा सी१ चा भलतीकडेच. काळ्याचं बी७ चं प्यादंही तसंच उघडं. आणि पांढऱ्याचा वजीर एच१ ला, म्हणजे एच१ पासून ए८ पर्यंतच्या लांब तिरक्या पट्टीवर, जिच्यावर बी७ बसलंय. मधे फक्त त्याचंच जी२ चं प्यादं. तर पांढऱ्यानं पहिलीच चाल जी३ केली की वजिराची वाट मोकळी होऊन थेट बी७ वर हल्ला, आणि ते खाल्लं की पुढे ए८ चा हत्ती टांगणीला. पहिल्या चालीत! काळ्यानं सवयीनं मधलं प्यादं दोन घरं ढकललं, डी५, तर त्यालाही कुणाचा आधार नाही, वजीर तेच खाऊन टाकतो. सी६ करून वाट बंद करता येते, किंवा उलट जी६ करून आपणही समोरच्या बी२ वर वजीर रोखायचा आणि मग दोघांनी बसून हिशोब करायचा. आमच्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी आहे, लंडन सिस्टिम नावाच्या ओपनिंगच्या पंधरा चाली पाठ असलेली, या पोझिशनसमोर ती सात मिनिटं हलली नाही. मी तिला इतकं खोल बघताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

कॅसलिंगला इथे सगळे अडखळतात, म्हणून नीट सांगते. राजा आणि हत्ती कुठूनही निघोत, कॅसलिंगनंतर ते नेहमीच्याच घरांत बसतात. एच बाजूला केलं तर राजा जी१, हत्ती एफ१. ए बाजूला केलं तर राजा सी१, हत्ती डी१. काळ्याचं तसंच आठव्या ओळीत. अटी जुन्याच, तो राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, राजाला शह नसावा, राजा ज्या घरांतून जाणार आणि जिथे बसणार तिथे शत्रूचा मारा नसावा, आणि दोघांच्या वाटेत तिसरं कुणी नसावं. वरच्या मांडणीत एच बाजूला हत्ती आधीच एफ१ ला आहे, त्यामुळे तो हलतच नाही, फक्त राजा डी१ वरून हत्तीच्या डोक्यावरून जी१ ला जातो, त्यासाठी ई१ चा उंट आणि जी१ चा घोडा आधी बाहेर काढलेले हवेत. ए बाजूला राजा एकच घर सरकून सी१ ला आणि हत्ती ए१ वरून डी१ ला, त्यासाठी बी१ आणि सी१ रिकामी हवीत. हातानं करताना आधी तोंडानं सांगा की कॅसलिंग करतोय, राजा उचलून पटाबाहेर ठेवा, हत्ती त्याच्या घरात न्या, मग राजा त्याच्या घरात ठेवा. नाहीतर ती राजाची साधी एक घराची चाल आहे की कॅसलिंग, यावरून भांडणं होतात.

एका मांडणीवर एकच डाव खेळून थांबू नका. रंग बदलून तीच मांडणी परत खेळा. काही मांडण्या पांढऱ्याला जास्तच सोयीच्या असतात, दोघांना दोन्ही बाजू मिळाल्या तरच न्याय होतो.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा, कॅसलिंग बंद. बाकी सगळं जसंच्या तसं. माजी विश्वविजेता क्रॅमनिकनं हे २०१९ च्या शेवटी सुचवलं, आणि २०२१ मध्ये डॉर्टमुंडला तो आणि आपला आनंद याच नियमानं चार डावांची मॅच खेळले, आनंद अडीच-दीडनं जिंकला. यात काय बघायचं? राजा सुरक्षित जागी न्यायला किती चाली लागतात ते मोजा. पांढऱ्यानं जी३ करून उंट जी२ ला काढला, मग राजा एफ१ ला, पण आता एच१ चा हत्ती मागे कोंडला गेला. त्याला बाहेर काढायला एच प्यादं पुढे रेटावं लागतं, आणि ते रेटलं की राजासमोरची भिंत थोडी पडते. नेहमीच्या खेळात जे काम एका चालीत होतं त्यासाठी इथे चार-पाच चाली आणि एक किंमत मोजावी लागते, समोरचाही तेच करत असतो, आणि पटाच्या मधोमध मारामारी लवकर पेटते. मला स्वतःला हा बदल फार आवडला, कारण नवीन काहीच शिकावं लागत नाही, उलट एक गोष्ट कमी होते. पण ज्या मुलांना अजून राजा कुठे ठेवायचा ते कळत नाही त्यांना हे देऊ नका, त्यांचे डाव दहा चालीत संपतात आणि ती नाराज होतात.

तिसरा प्रयोग माझ्या आजोबांचा. २०२० मध्ये डीपमाइंड या एआय कंपनीच्या लोकांनी क्रॅमनिकला बरोबर घेऊन अल्फाझिरो या त्यांच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमला नियमांचे नऊ वेगवेगळे बदल देऊन हजारो डाव स्वतःशीच खेळायला लावलं, आणि त्या नऊमध्ये एक बदल होता, प्याद्याला पहिल्या चालीतही एकच घर. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ओसरीवर रीळ ठेवून खेळायचो तो नियम लंडनच्या लॅबमध्ये नवीन प्रयोग म्हणून तपासला जात होता. आणि देशी नियमांनी शिकलेला माणूस पुढे कुठवर जाऊ शकतो ते बघायचं तर मीर सुलतान खान आठवा, पंजाबातला, देशी खेळावर वाढलेला, इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश चॅम्पियन झाला, मधे माजी विश्वविजेत्या कॅपाब्लांकालाही हरवलं.

हे खेळायला सोपं आहे, दोन घरांची चाल बंद केली की एन पासाँ आपोआप जातं, शिकवायचा सगळ्यात अवघड नियमच संपला. सुरुवातीला दोन्ही फौजा सावकाश पुढे येतात, मांडामांड करायला वेळ मिळतो. पण डावाचा शेवटचा टप्पा बदलतो, तिकडे लक्ष ठेवा. मोकळं प्यादं पळतंय आणि समोरचा राजा त्याला गाठेल का हे आपण प्याद्यापासून शेवटच्या ओळीपर्यंतचा चौकोन मोजून ठरवतो ना, तर नेहमीच्या खेळात दुसऱ्या ओळीतलं प्यादं तिसऱ्या ओळीत आहे असं धरून मोजतात, कारण त्याला दोन घरांची उडी आहे. इथे ते दुसऱ्या ओळीपासूनच मोजायचं, त्याला वजीर व्हायला पाच नाही, पूर्ण सहा चाली लागतात. राजाला एक जादा चाल मिळते आणि जिंकलेले डाव ड्रॉ होतात. म्हणजे ज्यांची तक्रार ड्रॉची आहे त्यांनी हा बदल मागू नये.

आणि आता तो बदल, जो सगळ्यात जास्त लोक मागतात आणि जो मी कधीही करू देणार नाही. स्टेलमेट म्हणजे विजय. मागणी समजते. लहान मुलगा वजीर घेऊन एकट्या राजाच्या मागे लागलेला असतो, काळा राजा ए८ च्या कोपऱ्यात, हा उत्साहात वजीर बी६ ला ठेवतो, ए७, बी७, बी८ तिन्ही घरं बंद, शह नाही, चाल नाही, ड्रॉ. मुलगा रडतो, आई म्हणते हा काय नियम आहे.

पण हे लावून बघा. पांढरा राजा डी६, प्यादं ई६, काळा राजा डी८. पांढऱ्यानं ई७ केलं, शह. काळा ई८ ला. आता पांढऱ्याला प्यादं राखायचं तर एकच चाल आहे, राजा ई६, आणि ती केली की काळ्याला चालच नाही, ड्रॉ. आता तेच सगळं ठेवा, फक्त ई७ होण्याआधी काळा राजा डी८ ऐवजी ई८ ला ठेवा. पांढऱ्यानं ई७ केलं, यावेळी शह नाही, काळ्याला एफ७ ला जावंच लागतं, पांढरा डी७, प्याद्याचा वजीर, खेळ खलास. एका घराचा फरक. प्यादं शह देत सातव्या ओळीत आलं तर ड्रॉ, गुपचूप आलं तर विजय. राजानं राजासमोर उभं राहून वाट अडवायची ती अपोझिशन, कुणाची चाल आहे ते मोजणं, एक चाल मुद्दाम वाया घालवणं, हे सगळं या एका घरावर उभं आहे. स्टेलमेटला विजय धरला की पहिल्या पोझिशनमध्येही पांढरा जिंकतो, मग काळ्यानं कसं उभं राहायचं याला काही अर्थच उरत नाही. एक प्यादं जास्त असलं की झालं. हरत असलेल्या माणसाला शेवटपर्यंत विचार करायला लावणारी गोष्ट आपण काढून घेतो. आणि बदल्यात मिळतं काय? अल्फाझिरोच्या डावांत स्टेलमेटला विजय धरूनही ड्रॉ फारसे कमी झाले नाहीत. त्या रडणाऱ्या मुलाला वजीर एक घर लांब कसा ठेवायचा ते शिकवा, तो दोन आठवड्यांत शिकतो.

एक वेगळ्याच प्रकारचा नियम असतो, मोहऱ्यांचा नाही, माणसांचा, आणि तो चुकीचा असेल तर त्याला प्रयोगाची वाट बघायची गरज नाही. रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण फिडेपर्यंत, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेपर्यंत गेलं, आणि अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की महिलांना अशा स्पर्धांमधून अडवता येणार नाही. आपल्या मुंबईतल्या मुलीमुळे हे झालं आणि आपल्याच मुलांना ते माहीत नसतं. आमच्या हॉलमध्ये मी ते प्रत्येक नव्या बॅचला सांगते.

प्रयोग चालवताना मात्र शिस्त पाळा, नाहीतर नुसता गोंधळ होतो. एका वेळी एकच नियम बदला. आम्ही एका रविवारी कॅसलिंगही बंद केलं आणि मांडणीही फाशानं केली, डाव मस्त झाले पण कशामुळे ते कुणालाच सांगता येईना. डावाच्या मधे नियम बदलायचा नाही, कितीही रडारड झाली तरी. एक वही ठेवा, तारीख, कुठला नियम, निकाल, किती चाली, आणि शेवटी दोघांनी एकेक वाक्य, आज पहिल्यांदा स्वतःचं डोकं कुठल्या चालीला लावावं लागलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा, आमच्याकडे नेहमीच्या डावात मोठी माणसं आठवी-दहावी चाल लिहितात आणि चेस९६० ला सगळेच पहिली लिहितात. एकेका नियमाला निदान चार रविवार द्या, पहिल्या दोन रविवारी फक्त नवलाई असते.

जी मुलं रेटिंग स्पर्धा खेळतात त्यांना स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे हे खेळवू नका, तिथे फिडेचेच नियम, ज्या मोहऱ्याला हात लावला तोच चालवायचा, आणि सवयीनं हात चुकीकडे गेला तर पंच ऐकणार नाहीत, ते मला सहावीतच कळलंय. ज्यांना अजून एन पासाँ, कॅसलिंग आणि स्टेलमेट नीट येत नाही त्यांना आधी ते पक्कं करू द्या.

आणि डाव सुरू करण्याआधी एका चिठ्ठीवर आजचा नियम लिहून पटाशेजारी ठेवा, दोघांनी वाचून सही करायची, पाच वर्षांचं पोर असेल तर त्यानं आपलं नाव काढलं तरी चालेल. "आज: प्यादं एकच घर. एन पासाँ नाही. कॅसलिंग आहे. स्टेलमेट ड्रॉ. घड्याळ २५ मिनिटं." एवढंच. गेल्या रविवारी देशी नियमांच्या टेबलवर मी आजोबांचा सेट काढला होता, आणि आठ वर्षांच्या एका मुलानं चिठ्ठीत सगळ्यात खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "रीळ म्हणजे हत्ती", आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला.